बोटावरची साय

दार लागल्याचा आवाज वादिराजमास्तरांना आधी ऐकू आला. हा आवाज रोजच्यासारखा नाही, मध्ये काहीतरी मऊ आलेलं आहे, हे कळायला एक क्षण गेला, आणि मग त्यांनी खाली पाहिलं. डाव्या हातानं त्यांनी बिगरीच्या वर्गाचं दार कडीला धरून ओढून घेतलं होतं, गेली तीस वर्षं रोज संध्याकाळी ओढून घेत होते तसंच. आणि उजव्या हाताची तर्जनी चौकटीत होती. ती तिथं कशी गेली? दुखत नव्हतं. दार पुन्हा उघडायला हवं हे सुचायलासुद्धा वेळ लागला, जणू ते बोट शाळेच्याच सामानापैकी होतं. उघडलं तेव्हा अर्ध्या नखासकट बोटाचं टोक जागेवर नव्हतं. फळीच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळून, कुलूप लावून, ते ओढून बघून मास्तर रस्त्याला लागले. बाजारात दिवे लागत होते. एका टांगेवाल्यानं "मास्तर, येता काय?" म्हणून विचारलंसुद्धा, आणि त्यांनी सवयीनं मान हलवून नको म्हटलं. चालता चालता एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. 'दार हळू लावा रे, बोटं सांभाळा,' असं आयुष्यभर ते मुलांना सांगत आले होते. मग आज दार एवढ्या जोरानं लावलं कुणी? वर्गात दुसरं कुणी नव्हतं. वारा नव्हता. आपल्याला राग आला होता का? कुणाचा? दिवसभरात काय झालं ते त्यांनी आठवून पाहिलं. एका पोरानं धूळपाटीवरची वाळू खाल्ली होती, एकीनं दुसरीच्या पाटीवर फुंकर मारली होती, दुपारी दोघं बाकाखाली झोपले होते. त्यात राग येण्यासारखं काहीच नव्हतं.

डॉक्टर प्रभंजन त्यांचाच विद्यार्थी. पंचवीस वर्षांपूर्वी त्याचा हात धरून याच बोटानं त्यांनी त्याला वाळूत श्री काढायला शिकवलं होतं. आता तोच त्यांचा हात दिव्याखाली धरून बघत होता, आणि त्याच्या कपाळावर, पाढा अडला की पडायची तीच आठी होती. "हाड दिसतंय, मास्तर, थोडंसं," तो म्हणाला. "दोन वाटा आहेत बघा. एक म्हणजे हाड जरा मागं छाटायचं आणि कातडी ओढून शिवून टाकायची. सगळे तेच करतात. पंधरा दिवसांत तुम्ही मोकळे. पण बोट आखूड होणार, आणि टोकाला पहिल्यासारखं कळणार नाही. दुसरी वाट म्हणजे काहीच करायचं नाही." "काहीच नाही म्हणजे?" "स्वच्छ करायचं, व्हॅसलिन लावलेली जाळी वर ठेवायची, पट्टी बांधायची, आणि बोटाला त्याचं काम करू द्यायचं. शिकत होतो तेव्हा एक म्हातारे सर्जन असं करायचे. लोक हसायचे त्यांना." मग त्यानं समजावून सांगितलं. तळातून लाल दाणे येतात, नवणीच्या, म्हणजे राळ्याच्या, दाण्याएवढे बारीक. त्यांनी खड्डा भरत येतो. मग कडेनं कातडी आत सरकते, दुधावर साय धरते तशी. ती इतकी पातळ असते की दिसतसुद्धा नाही. कोरडी पट्टी ओढली की साय पट्टीबरोबर निघून येते, आणि बोटाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मास्तर ऐकत होते, आणि दुखायला लागलं होतं तरी त्यांच्या मनात आलं, की पोरगा शिकवतो छान. "म्हणून पट्टी मी सोडणार, दर चौथ्या दिवशी. तुम्ही हात लावायचा नाही. पाण्याचा थेंब नाही. दीड महिना लागेल, चालेल?" "चालेल की," मास्तर म्हणाले. बोटाच्या टोकाला वाळू कळली पाहिजे. नाहीतर मुलांना कसं सांगणार, किती दाबायचं आणि किती नाही? मारुती कंपाउंडरानं पट्टी बांधली आणि मनगटाशी एक वेगळीच गाठ मारली, दोन फेरे आणि एक उलटा. ती गाठ मास्तर लक्ष देऊन पाहत होते. का पाहत होते, हे त्यांना पुढं कितीतरी वेळा आठवून पाहूनही सांगता आलं नाही.

कारण त्या वेळी त्यांच्या मनात काहीच नव्हतं, हे नक्की. सकाळी आडावर पाणी ओढताना मात्र लक्षात आलं, की हे बोट घेऊन सोवळं होत नाही. दवाखान्यातली पट्टी, दहा जणांना शिवलेली, मारुतीनं बांधलेली. ती अंगावर असताना घातलेली अंघोळ अंघोळच नव्हे. आणि सोवळं नाही तर देवाला हात लावता येत नाही, आणि आपण हात लावला नाही तर या घरात लावणारं दुसरं कुणी नाही. त्यांची बायको अनसूया होती तोपर्यंत पूजा तेच करायचे, पण ती पूजा म्हणजे दोन पळ्या पाणी आणि घाईघाईनं गंध. सगळी तयारी तिची असायची, ओल्या लुगड्यानं, थंडीत दात वाजत असताना. "तुमचं ते काकस्नान आणि तुमची ती काकपूजा," ती म्हणायची, आणि ते म्हणायचे, "अगं, देवाला तुझ्या या मडीचा, सोवळ्याचा कंटाळा आला असेल." ती हसायची नाही. दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, शेवटच्या तापात, ती भलतंसलतं बोलत होती, माहेरच्या म्हशीबद्दल, कुणाच्या तरी मोडलेल्या बांगडीबद्दल; आणि मध्येच अगदी लख्ख शुद्धीत असल्यासारखी म्हणाली होती, "माझ्यामागं देवांना पारोसं ठेवू नका हं." ते 'नाही' म्हणाले होते. तापात माणसाला हो-ला हो करावं तसं. पण ती गेल्यावर तोच एक शब्द घरात राहिला, आणि ते पहाटे उठून थंड पाण्यानं अंघोळ करू लागले, सहाणेवर गंध उगाळू लागले, तास तास देवासमोर बसू लागले. श्रद्धा होती का? कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही. त्या सकाळी आडाच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी डाव्या हातानं, दातांची मदत घेऊन, मारुतीची गाठ सोडली.

जाळी चिकटली होती. त्यांनी वर पाणी ओतलं, थोडा वेळ थांबले, आणि मग ती ओढली. डोळ्यांसमोर अंधारी आली. पूजा झाल्यावर त्यांनी जाळी पुन्हा बसवली, कापूस ठेवला, पट्टी गुंडाळली आणि तीच गाठ मारली, दोन फेरे आणि एक उलटा. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. रक्ताळलेल्या हातानं देवाला शिवणं बरं, की पट्टीच्या? हे मठातल्या आचार्यांना विचारायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण आचार्य म्हणाले असते, दोन्ही नको. जखम असेपर्यंत पूजाच नको, दुसऱ्याकडून करवा. ते तसं म्हणणार हे माहीत होतं म्हणून विचारलं नाही, की विचारलं नाही म्हणून तसं वाटत होतं? शेजारच्या वेणूबाई तर कुंपणावरून रोज म्हणत, "अण्णा, आमचे हे घालतील की तुमच्या देवांवर पाणी. देवांचं संपुष्ट इकडं आणून ठेवा महिनाभर. आम्ही काय परके आहोत काय?" "नको हो, होतंय माझ्यानं." "काय होतंय? हात बघा कसा लागलाय दिसायला. वांग्याएवढं झालंय बोट!" "पट्टीनं मोठं दिसतंय." "पट्टीनं मोठं दिसतंय म्हणे. अनसूयाक्का असत्या तर दोन शब्द ऐकवले असते तुम्हाला." दोन शब्द कुठले, पूजेच्या बाजूचे की बोटाच्या, हे विचारावंसं त्यांना वाटलं, पण वेणूबाई आत गेल्या होत्या.

शाळेत ते डाव्या हाताच्या बोटानं वाळूत अक्षरं काढत. अक्षरं वाकडी येत, आणि बिगरीतली सगळी मुलं हुबेहूब तशीच वाकडी अक्षरं काढत, मास्तरांनी काढली म्हणजे तीच बरोबर. पुसून पुन्हा काढली तर पोरांनीही पुसून पुन्हा काढली, तितकीच वाकडी. त्या वाकड्या ओळींकडे बघत असताना त्यांना घाम फुटला. ही पोरं आता जन्मभर असंच लिहितील काय? शाळेमागं मुलांसाठी त्यांनी एक वाफा केला होता. त्यात दरवर्षी एक तरी पोर असं निघायचं, की पेरलेलं वालाचं बी रोज उकरून बघायचं, मोड आला का म्हणून. "अरे, तू बघतोस म्हणूनच तो येत नाही," ते सांगायचे. पोराला पटायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उकरायचं. वाफ्याशी उभे असताना हे आठवलं आणि ते एकदम थांबले. कारण आज सकाळी पट्टी सोडताना देव मनात नव्हते. अनसूयाही नव्हती. बघायचं होतं. आत काय चाललंय ते उजेडात धरून बघायचं होतं. ते लाल, ओलं, आपलंच असून कधी न पाहिलेलं मांस. कालपेक्षा थोडं वर आलंय का, कडेला काही पांढुरकं धरलंय का, आणि ते पांढुरकं जाळीबरोबर निघून येताना जी कळ थेट बगलेपर्यंत जाते ती आज तशीच जाते का. कळ गेली की मग दिवसभर कसं बरं वाटायचं. बरं? हे कसलं बरं? ते वाफ्याशी कितीतरी वेळ उभे राहिले. देवासाठी सोडतो म्हणावं तर तसं नाही, बघण्यासाठी म्हणावं तर पहिल्या दिवशी तर डोळे मिटून घेतले होते, तिच्यासाठी म्हणावं तर ती असती तर तिनंच हात धरला असता. मग कशासाठी? घंटा झाली, मुलं आत पळाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी गाठ सोडली.

प्रभंजन दर चौथ्या दिवशी पट्टी सोडी, बघे आणि कपाळाला आठी घाली. "व्हॅसलिन कुठं जातं कळत नाही," तो एकदा म्हणाला. "जाळी कोरडी ठाक कशी होते? मारुती, कमी लावतोस काय?" "भरपूर लावतो की साहेब," मारुती म्हणाला, आणि मास्तरांकडे न बघता कापूस घडी करू लागला. मास्तर छताकडे बघत होते. पंधराव्या दिवशी वास येऊ लागला. एकोणिसाव्या दिवशी, कार्तिकातल्या एका सकाळी, प्रभंजननं बोट दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिलं आणि हात धुऊन समोर बसला. "पट्टी घरी कुणी सोडत नाही ना, मास्तर?" "नाही," मास्तर म्हणाले. हे त्यांना आधी ऐकू आलं आणि मग कळलं, की आपणच म्हणालो. विद्यार्थ्याशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते. बोलणं इतकं सोपं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. प्रभंजननं मान हलवली. त्यानं विश्वास ठेवला होता, पूर्ण, सहा वर्षांच्या पोरासारखा. "मग चूक माझी," तो म्हणाला. "उगाच शहाणपणा केला. एका म्हाताऱ्याचं बघून आलो आणि इथं येऊन तुमच्यावर करायला गेलो. उद्या सकाळी या, पहिल्या सांध्याशी छाटून शिवून टाकू. यापुढं हे धंदे नकोत. बाहेर एक पोरगी बसलीय बघा, अळणावराकडची. गवत कापताना विळ्यानं असंच टोक गेलंय. तिचंही मी तसंच ठेवलं होतं, चार दिवस झाले. आता तिचंही आजच छाटतो. मारुती, पाणी उकळायला ठेव."

मास्तर बाहेर आले आणि बाकावर टेकले. शेजारी ती पोरगी होती, सातेक वर्षांची, आणि तिची आई, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. पोरीनं आपलं पट्टीचं बोट मास्तरांच्या पट्टीच्या बोटाशेजारी धरून बघितलं. "तुमचं बी इळ्यानं गेलं?" "नाही. दारात सापडलं." "दार कुनी लावलं?" "मीच." "आपलं आपन?" ती खुदकन हसली. "गप, मथुरा," आई म्हणाली, पण तिलाही हसू आवरलं नव्हतं. "दुसऱ्याला इचारतीया. सवताचं बोट गवतात टाकून आली, घावलं बी न्हाई." मथुरा जरा वेळ पाय हलवत बसली आणि मग म्हणाली, "मी न्हाई सोडली पट्टी. लई खाजतंय, तरी न्हाई सोडली. शेजारची रादा म्हनली, सोड, बगू दे. मी म्हनलं, डाक्टरनं बांदलीया, डाक्टरच सोडंल." मास्तरांनी तिच्या मनगटाशी पाहिलं. दोन फेरे आणि एक उलटा. मळलेली, पण जशीच्या तशी. आत बंबाचा आवाज होऊ लागला होता. आता उठून घरी जायचं, की उठून आत जायचं? आपलं बोट जाणारच होतं, ते गेलं तरी त्याचं काय एवढं. पण हे बोट? ते तर बिचारं अंधारात, कुणी न बघता, आपलं काम करत असेल. मारुती दारात आला. "मथुरा कोण? चल." आई उठली, पोरगी उठली, आणि मास्तरही उठले, त्यांच्या मागोमाग, रांगेत तिसरे.

"प्रभंजना," ते म्हणाले, "पट्टी मी सोडत होतो." प्रभंजननं मान वर केली. "कधी?" "रोज." "रोज म्हणजे?" "पहाटे. अंघोळीला. देवपूजेसाठी म्हणून... पुन्हा तशीच बांधायचो." "आणि मारुतीची गाठ?" "शिकलो." "अय्यो!" मारुती म्हणाला. "माझीच गाठ माझ्यावर! आणि मी आपला व्हॅसलिन वाढवतोय, वाढवतोय." प्रभंजन हसला नाही. हातातला चिमटा त्यानं ताटलीत ठेवला. "मास्तर, तीन दिवस मी पुस्तकं उलथीपालथी करतोय. ही पोरगी टेबलावर येऊन बसलीय. आणि तुम्ही..." त्यानं दिवा जरा बाजूला सारला. "सोवळ्याचं होतं तर मला सांगायचं होतं. काहीतरी वाट काढली असती की." मास्तर उभे होते. सांगण्यासारखं खूप काही तोंडाशी येत होतं, पण एकेक आलं की ते खोटं वाटत होतं, आणि बाजूला सारलं की खरंही वाटत होतं. "सोवळ्याचंच होतं असं नाही," ते अखेर म्हणाले. "मग कशाचं?" "मला माहीत नाही रे." प्रभंजननं मथुरेची पट्टी सोडली, हळू, तेलात भिजवून भिजवून. जाळी अलगद सुटली. खाली लाल दाणे होते, भरगच्च, आणि कडेनं, तिरपं बघितलं तरच दिसावी अशी, एक निळसर पांढरी रेघ आत सरकली होती. मास्तर वाकून बघत होते. एकोणीस दिवस ते रोज हीच रेघ शोधत होते.

"छाटायचं नाही," प्रभंजन म्हणाला. "हिचं भरतंय. तुमचंही छाटणं आठ दिवस पुढं टाकतो, मास्तर. काही दिसलं तर दिसलं, मी सांगू शकत नाही." मग हिराबाईकडं, पोरीच्या आईकडं, वळून तो म्हणाला, "बाई, बोट वाचतंय. पण दीड महिना दर चौथ्या दिवशी इथं आणायचं, चुकवायचं नाही." हिराबाईच्या चेहऱ्यावर आनंद उमटायला हवा होता, तो उमटला नाही. "दीड म्हैना? अळनावराहून?" ती म्हणाली. "भात कापनीचे दिस हायती, डाक्टरसायेब. सारकं मोटारीत बसून कोन ईल? आनि हितं ठेवायची तर कुनाकडं ठिवू? न्हाई, तुमी कापा. टोक गेलं तर गेलं. हात हाय न्हवं?" "बाई, पण..." "पोट बोटाच्या टोकावर न्हाई भरत, सायेब." तिचंही बरोबरच होतं. मास्तरांना वाटलं, आपण सांगून काय मिळवलं? खोटं बोललो तेव्हा पोरीचं बोट जात होतं, खरं बोललो तरी जाणारच आहे. मथुरा टेबलावर बसून एकदा आईकडं, एकदा डॉक्टरकडं बघत होती, उघडं बोट हवेत धरून. "माझ्याकडे ठेवा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे मास्तरांकडे बघू लागले.

"कुणाला?" प्रभंजननं विचारलं. "हिला. घर मोकळंच आहे. चौथ्या दिवशी मीही येणारच की इथं, दोघं येऊ. दिवसा शाळेत बसेल माझ्या वर्गात." "मास्तर, तुमच्या घरात मडी..." प्रभंजन म्हणाला आणि थांबला. मारुती कापसाचा गोळा हातात धरून नुसता उभा होता. हिराबाईनं मास्तरांकडे नीट पाहिलं, कपाळावरच्या अंगाऱ्यापासून पायातल्या वहाणांपर्यंत. "तुमी बामन न्हवं?" "होय." "घरात बाईमानूस?" "होती. आता शेजारी वेणूबाई आहेत. त्या बघतील, बोलतील मला, पण बघतील." हिराबाईच्या डोक्यात हिशेब चालला असावा, कापणीचा, मोटारीचा, बोटाचा. मास्तरांच्या डोक्यात काहीच नव्हतं. त्या रिकामेपणात फक्त घर दिसत होतं, सोवळ्याची दोरी, पितळेची घागर, उंबरा, देवघराचं झाकलेलं दार, आणि या सगळ्यांतून एक पोर इकडून तिकडे जाताना. ती कुठं बसणार, कशाला शिवणार, पहाटे आपण उठल्यावर ती कुठं असणार, यातलं त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. "आनि पानी?" हिराबाईनं विचारलं. "तुमच्यात पानी येगळं आसतंय. तान लागली, तर पोरीनं कुठलं घ्यायचं?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

"आमच्या घरात आड एकच आहे," ते म्हणाले.

हे आपण हो म्हणून सांगितलं की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही. हिराबाईला कळलं असावं. तिनं पुढं होऊन मथुरेचा हात मनगटाशी धरला आणि डॉक्टरांच्या समोर केला. "बांदा," ती म्हणाली.